दुर्बल स्कंधसंधीचे संरक्षण

दुर्बल स्कंधसंधीचे संरक्षण : तंत्रिका (मज्जातंतू) अथवा स्नायू यांच्या विकारामुळे ज्यांच्या खांद्याभोवतालचे स्नायू क्षीण झाले आहेत अशा व्यक्तीस उचलताना, बसविताना, कुशीवर वळविताना, स्नान घालताना व कपडे चढविताना तिच्या स्कंधसंधीस (खांद्याच्या सांध्यास) इजा होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी. स्नायुक्षय अर्थात मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकांचा ऱ्हास, बालपक्षाघाताचे (पोलिओचे) अवशिष्ट दौर्बल्य इ. विकार कारणांच्या व परिणामांच्या दृष्टीने एकमेकांहून भिन्न आहेत. परंतु खांद्यापुरते पाहिल्यास सर्वांत एकच अवस्था उत्पन्न होते. सांध्याला धरून ठेवणारे स्नायू निकामी होतात आणि हाताचा भार सांध्याच्या वेष्टनावर पडतो. मूळ विकार पुष्कळदा असाध्य असतो. खांद्याची इजा मात्र बहुधा विकारामुळे आपोआप होत नाही. ती शुश्रूषेच्या चुकीच्या रीतीमुळे होते आणि म्हणूनच टाळता येते.

शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुतेक घरचीच असते. आई, पत्नी, भाऊ किंवा सून हेच दिवसातून आठ-दहा वेळा रुग्णाला उठवितात, बसवितात. यातील प्रत्येक वेळी खांद्याला बसणारा लहानसा हिसका त्या क्षणी जाणवेलच असे नाही, पण त्याचा परिणाम साठत जातो. काही महिन्यांनी रुग्णाला रात्री खांद्याच्या ठणक्याने झोप येईनाशी होते, कूस बदलली तरी तो ओरडतो आणि मग हात हलविणेच सोडून दिले जाते. पाय आधीच गेलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हात म्हणजे शेवटचे स्वातंत्र्य असते. घास तोंडाशी नेणे, चष्मा सारखा करणे, चाकाची खुर्ची पुढे ढकलणे, सही करणे, अंगावरची माशी हाकलणे या गोष्टी बोटांत शक्ती असूनही केवळ खांदा दुखतो म्हणून बंद पडल्या, तर ती हानी रोगाच्या खात्यावर मांडता येत नाही.

रचना व स्थैर्य : खांदा म्हणजे एकच सांधा नव्हे. भुजास्थीचे (दंडाच्या हाडाचे) गोल डोके अंसफलकाच्या, म्हणजे पाठीच्या वरच्या भागातील त्रिकोणी चपट्या हाडाच्या उथळ खोबणीत टेकून मुख्य स्कंधसंधी बनतो. अंसफलक स्वतः बरगड्यांवर सरकत असते आणि जत्रुकाच्या (हासळीच्या हाडाच्या) आधारे धडाशी जोडलेले असते. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे डोके खोल वाटीत बसलेले असते. खांद्याची खोबण मात्र भुजास्थीच्या डोक्याच्या सु. तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्याएवढीच असते. उथळ बशीत संत्रे ठेवावे, तशी ही योजना आहे. यामुळे मानवी हाताला चहूकडे फिरण्याची मुभा मिळाली, पण तिची किंमत स्थैर्याच्या रूपाने द्यावी लागली. खुबा मुख्यतः हाडांच्या ठेवणीमुळे टिकून राहतो, तर खांदा स्नायूंमुळे.

हे काम दोन गटांतील स्नायू करतात. अंसफलकापासून निघून भुजास्थीच्या डोक्याला कड्याप्रमाणे वेढणारे चार लहान स्नायू, ज्यांच्या कंडरांच्या कड्याला शल्यचिकित्सक रोटेटर कफ म्हणतात, ते डोके खोबणीत दाबून धरतात. मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रपीझियस व बरगड्यांवरून येणारा सेरेटस अँटीरियर हे मोठे स्नायू अंसफलकाला योग्य कोनात धरून ठेवतात. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सु. १८०° हालचालीपैकी सु. १२०° मुख्य संधीत व सु. ६०° अंसफलकाच्या फिरण्याने घडते, असे इन्मन, साँडर्स व ॲबट यांनी १९४४ मध्ये दाखविले. व्यक्तीनुसार व हालचालीच्या टप्प्यानुसार हे प्रमाण कमीअधिक होते, असे पुढील अभ्यासांत आढळले. तथापि अंसफलक फिरल्याशिवाय हात वर नेऊ नये, हा त्यातून निघणारा व्यावहारिक नियम कायम आहे.

नुसता खाली लोंबणारा हात कशाने टिकून राहतो, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. दंडावरून उभे जाणारे डेल्टॉइड, बायसेप्स यांसारखे जाड स्नायू तो भार पेलत असावेत असा समज होता. बास्माजिआन व बझंट यांनी १९५९ मध्ये स्नायूंतील विद्युत् क्रियेच्या नोंदी घेऊन हा समज खोटा ठरविला. हातात वजन दिले तरी हे उभे स्नायू जवळजवळ निष्क्रिय राहतात. भार पेलतात ते सांध्याच्या वेष्टनाचा वरचा भाग आणि जवळजवळ आडवा जाणारा सुप्रास्पायनेटस हा लहानसा स्नायू. खोबणीचे तोंड किंचित वर वळलेले असल्यामुळे भुजास्थीचे डोके खाली घसरण्यासाठी आधी थोडे बाहेर सरकावे लागते आणि वरचे वेष्टन ताणलेले असल्याने ते बाहेर सरकू शकत नाही. ही एक प्रकारची कडीच होय. अंसफलकाला धरणारे स्नायू दुर्बल झाले की अंसफलक पुढे झुकते व खाली वळते, खोबणीचे तोंड खालच्या बाजूस जाते आणि कडी निघते. मग साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या हाताचे जे सु. तीन किग्रॅ. वजन, ते दिवसभर वेष्टनाला ओढत राहते. वेष्टन हळूहळू लांबते, डोके खाली उतरते आणि खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच दिसू लागते.

निरोगी आणि दुर्बल खांद्यातील फरक समजण्यास अमरावतीकरांना दूर जावयास नको. १९१४ साली स्थापन झालेल्या तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेतील मल्लखांबपटू दोरीवर एका हाताच्या आधाराने सबंध शरीर तोलतो. त्या वेळी त्याच्या खांद्याभोवतालचा प्रत्येक स्नायू आवळलेला असतो व वेष्टनावर ताण येऊ देत नाही. आजारी माणसाला हाताला धरून ओढले जाते तेव्हाही शरीराचा भार एका खांद्यावरच येतो, परंतु तेथे आवळण्यास स्नायूच उरलेला नसतो.

खांदा दुर्बल करणारे विकार : ड्यूशेन स्नायुक्षय हा लिंगसंलग्न आनुवंशिक विकार बहुतांशी मुलग्यांना होतो. त्यात आधी कमरेचे व मांड्यांचे, नंतर खांद्याचे स्नायू क्षीण होतात आणि उपचार नसल्यास मूल साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास चालेनासे होते. कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांनी चालण्याचा काळ वाढतो, मात्र दीर्घकाळ ती घेणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे घाईने उचलण्यात अस्थिभंगाचाही धोका असतो. लांदूझी व देझरीन या फ्रेंच वैद्यांच्या नावाने ओळखला जाणारा चेहरा–खांदा–दंड यांचा स्नायुक्षय प्रथम अंसफलकाभोवतालच्या स्नायूंना ग्रासतो. अंसफलके पंखांसारखी पाठीबाहेर येतात, पण डेल्टॉइड दीर्घकाळ शाबूत राहतो; म्हणून निवडक रुग्णांत अंसफलक बरगड्यांशी पक्के जोडण्याची शस्त्रक्रिया करून हात वर नेण्याची शक्ती वाढविता येते. प्रेरक तंत्रिका कोशिका नष्ट करणाऱ्या ए. एल. एस. या विकारात प्रौढ माणसाचा खांदा काही महिन्यांतच लोंबकळू लागतो.

कमरपट्टा व स्कंधपट्टा यांच्या स्नायुक्षयाचा कॅल्पेन–३ या जनुकाशी निगडित असलेला प्रकार वऱ्हाडच्या संदर्भात उल्लेखनीय आहे. भारतातील अग्रवाल समाजात या जनुकातील काही विशिष्ट दोष समान पूर्वजांकडून आले असल्याचे मुंबई व अमेरिका येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. कापूस व धान्य यांच्या व्यापारानिमित्त अकोला व अमरावती येथे या समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. हा दोष आईवडील दोघांकडूनही आला तरच विकार प्रकट होतो. या माहितीचा उपयोग वेळीच निदान करून घेण्यासाठी आहे, कुणाला बोल लावण्यासाठी नव्हे. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे अशा अप्रभावी दोषांचा मेळ इतर समाजांतही पडू शकतो.

बालपक्षाघाताचा उपद्रव भारतात थांबला आहे. विषाणूच्या मूळ वन्य प्रकाराचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. तरीही पूर्वी तो होऊन गेलेले व आता प्रौढ झालेले स्त्रीपुरुष गावोगाव आहेत. वर्षानुवर्षे कुबड्यांवर भार टाकल्याने त्यांचे बरे असलेले खांदेही झिजलेले असतात. याउलट गियाँ–बारे विकारात दौर्बल्य अचानक येते व बहुतेकांत उतरते. पुण्यात जानेवारी २०२५ पासून या विकाराचा जो उद्रेक झाला, त्यात संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली होती. अशा रुग्णाचे हातपाय काही आठवडे लुळे असतात. त्या काळात खांदा ताणला गेला, तर शक्ती परतल्यावरही दुखणे मागे राहते. बरा होणारा विकार आहे म्हणून खांद्याची हयगय करावी, असे नाही.

उचलणे व हलविणे : खांद्याला सर्वाधिक इजा उचलताना होते आणि त्यातही दोन सवयींमुळे. पहिली सवय म्हणजे काखेत हात घालून उचलणे आणि दुसरी मनगट वा दंड धरून ओढणे. लहान मुलाला व वृद्धांना उठविण्याच्या या रीती इतक्या अंगवळणी पडलेल्या आहेत की त्यांत काही चुकते असे कुणाला वाटत नाही.

काखेत हात घातला की वर ढकलणारे बल प्रथम दंडावर व अंसफलकावर येते. निरोगी माणूस नकळत दंड अंगाशी दाबतो व खांदे खाली ओढतो, म्हणून धड वर उचलले जाते. दुर्बल माणसाचे खांदे मात्र नुसतेच कानांपर्यंत वर चढतात आणि धड हातांमधून खाली निसटते. लंडनचे वैद्य एडवर्ड मेरिऑन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्नायुक्षय झालेल्या भावंडांचे वर्णन केले. मूल काखेतून उचलताना असे निसटणे हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे निदानचिन्हच आहे. वैद्याने जे एकदा व सांभाळून तपासावयाचे, ते घरात रोज अजाणता केले जाते. शिवाय काखेतून हाताच्या रक्तवाहिन्या व तंत्रिकांचे जाळे जाते. त्यावर दाब पडून मुंग्या येणे, बधिरता असे त्रासही होतात. मनगट धरून ओढण्यात ताण सरळ वेष्टनावर पडतो. त्यातून जे वेष्टन एकदा लांबते, ते पुन्हा आखूड होत नाही.

म्हणून मूलतत्त्व असे की, माणसाला धडाने व कमरेने हलवावे. हात हा उचलण्याचा दांडा नव्हे. अंथरुणावर कुशीवर वळविण्यापूर्वी रुग्णाचे दोन्ही हात पोटावर घ्यावेत व पलीकडचा गुडघा दुमडावा. शुश्रूषकाने एक तळहात पलीकडच्या अंसफलकाखाली आणि दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून सर्व धड एकदम आपल्याकडे वळवावे. हात मागे राहून अंगाखाली सापडणे, ही या क्रियेतील नेहमीची चूक असून तीमुळे खांदा निखळूही शकतो. उठून बसविण्यासाठी आधी कुशीवर वळवून पाय बाजेखाली सोडावेत. पायांच्या वजनाने धड उठण्यास मदत होते आणि एक हात अंसफलकाखाली देऊन ते सावकाश उभे करता येते. उताण्या माणसाला दोन्ही हात धरून सरळ ओढून बसविण्याची रीत सर्वस्वी सोडावी.

पायांवर थोडाफार भार घेऊ शकणाऱ्या व्यक्तीस उभे करताना कमरेभोवती रुंद पट्टा बांधून तो धरावा. तयार पट्टे मिळतात. न मिळाल्यास पलंगाच्या रुंद नवारीचा, दुहेरी करून शिवलेला पट्टा चांगले काम देतो. शुश्रूषकाने जवळ उभे राहून आपले गुडघे वाकवावेत, रुग्णाचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी समोरून रोखावेत व पट्ट्याने त्याची कंबर पुढे व वर घ्यावी. रुग्णाने शुश्रूषकाच्या गळ्यात हात अडकविणे दोघांनाही वाईट. त्यात एकाचा खांदा व दुसऱ्याची मान ओढली जाते. वऱ्हाडातील पुष्कळ घरांत असलेल्या बंगईवरून (झोपाळ्यावरून) दुर्बल व्यक्तीस उठविणे विशेष धोक्याचे असते, कारण बंगई मागे सरकते आणि आधारासाठी हटकून हातच धरला जातो. बसण्यास बंगई सुखाची खरी, पण उठताना ती दुसऱ्या कुणीतरी घट्ट रोखून धरली पाहिजे.

भार मुळीच न घेता येणाऱ्या प्रौढास दोघांनी उचलताना एकाने मागून काखेतून हात घालून छातीवर मिठी मारणे व दुसऱ्याने पाय धरणे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत दुर्बल खांद्याच्या बाबतीत त्याज्य होय. पाठ, कंबर व मांड्या यांना एकत्र आधार देणारी कापडी झोळी असलेले उचलयंत्र हा उत्तम उपाय. ते पाण्याच्या अथवा हवेच्या नव्हे तर तेलाच्या दाबाने चालते व एकट्या स्त्रीसही हाताळता येते. रुग्णाचे डोके सावरत नसल्यास डोक्याला आधार देणारी झोळी निवडावी. यंत्र नसेल तेथे जाड सतरंजी किंवा दुहेरी चादर अंगाखाली सरकवून चौघांनी चार कोपरे उचलावे. झोळीत अंग दुमडून खांदे पुढे दाबले जातात, म्हणून हात आधी पोटावर घ्यावेत व कापड खांद्यांपाशी फार ताणू नये. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात आजाऱ्याला बाजेसह उचलून नेतात. ती चाल जुनी असली, तरी खांद्याच्या दृष्टीने तिच्यात वावगे काही नाही. माणसाला न उचलता त्याचे आसनच उचलणे केव्हाही श्रेयस्कर.

उचलण्यापूर्वी काय करणार ते रुग्णाला सांगावे व त्याच्याकडून ऐकावे. कोणत्या कोनात दुखते, कोणता हात आधी घ्यावा, हे दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तीस इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. नवख्या पाहुण्याने उत्साहाने पुढे होऊन हात देण्यापेक्षा आधी विचारणे बरे.

बसणे व निजणे : बसलेल्या अवस्थेत हाताचे वजन खांद्यावरून काढून घेणे हे मुख्य उद्दिष्ट असते. खुर्चीचे हात अशा उंचीचे असावेत की कोपर त्यांवर टेकले असता खांदा लोंबणार नाही व वर उचललाही जाणार नाही. उंची कमी पडल्यास घडी घातलेली गोधडी ठेवावी. मांडीवर उशी ठेवून तीवर दोन्ही हात विसावल्यास तेच साधते. जमिनीवर पंगतीत बसणाऱ्या माणसाच्या हाताला असा आधार मिळत नाही आणि उठताना ओढाताण अटळ होते. तेव्हा पाटाचा आग्रह सोडून खुर्ची-टेबलावर पान वाढणे इष्ट. कोपर टेबलावर टेकवून खाल्ल्याने दुर्बल हातही तोंडापर्यंत पोहोचतो. कोपर टेकून जेवू नये हा शिष्टाचार येथे बाजूला ठेवावा.

उताणे निजताना दंडाखाली पातळ उशी द्यावी, म्हणजे कोपर धडाच्या पातळीच्या मागे पडत नाही. कुशीवर निजताना भार खांद्याच्या टोकावर येऊ न देता खालचे अंसफलक किंचित पुढे ओढून घ्यावे व वरचा हात पुढ्यातील उशीवर ठेवावा. सैल पडलेल्या बाजेत दोन्ही खांदे आत मुडपतात व छाती दबते. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजण्याची वऱ्हाडी रीत चालू ठेवावयाची असल्यास तिची दोरी ताणून घ्यावी किंवा वर फळी व गादी घालावी. ज्यांचे श्वसनाचे स्नायूही दुर्बल आहेत त्यांना सपाट निजल्यावर धाप लागते. त्यांचे डोके व धड उंच ठेवावे आणि छातीवर कोणताही पट्टा आवळून बांधू नये.

स्नान व कपडे : अकोला येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४५° से.च्या आसपास असतो. अशा दिवसांत काख घामाने भिजून चुरचुरते, पुरळ येते व काख धुणे टाळता येत नाही. त्यासाठी हात मनगटाला धरून वर उचलला जातो आणि रुग्ण कळवळतो. याऐवजी त्याला बसवून, छातीला आधार देऊन धड पुढे झुकवावे. हात आपोआप अंगापासून सुटा होऊन खाली लोंबतो व काख मोकळी होते. ज्याला पुढे झुकता येत नाही, त्याचा हात कोपर व मनगट असा दोन्हीकडे तोलून, थोडा बाहेरच्या अंगास वळवून, जेमतेम पंजा शिरेल एवढाच दूर करावा.

कपडे चढविताना अधिक दुर्बल हात आधी व उतरविताना शेवटी, हा क्रम मोडू नये. डोक्यावरून घालावयाचे सदरे, बनियन टाळून समोरून उघडणारे सैल कपडे शिवावेत. बाह्या रुंद असाव्यात. स्त्रियांच्या पोलक्याला पाठीऐवजी पुढे हुक लावणे व बाहीची शिवण काखेपाशी सैल ठेवणे, एवढ्याने रोजची झटापट वाचते. शिंप्याला हे एकदा समजावून सांगावे लागते, इतकेच.

गळ्यातील झोळी : लोंबता हात गळ्यात झोळी बांधून अडकविण्याचा उपाय सर्वांना सुचतो. चालताना व प्रवासात तो योग्यच आहे. मात्र दिवसभर झोळी ठेवल्यास कोपर दुमडलेल्या स्थितीत आखडते, दंड आत वळून राहतो आणि गाठ मानेवर येत असल्याने आधीच दुर्बल असलेली मान पुढे ओढली जाते. बसल्यावर झोळी काढून हात उशीवर ठेवावा. एकाच बाजूच्या मानेऐवजी पाठीवरून दोन्ही खांद्यांवर भार वाटणारे पट्टे मिळतात, ते अधिक सोयीचे.

हालचाल आणि जखडण : ताणला जाण्याच्या भीतीने खांदा मुळीच न हलविणे ही दुसऱ्या टोकाची चूक असून ती जागरूक कुटुंबांतच अधिक आढळते. न हलणाऱ्या सांध्याचे वेष्टन आकसते, चिकटते व खांदा जखडतो. एकाच रुग्णात भुजास्थीचे डोके खाली उतरलेले असते आणि सांधा बाहेरच्या बाजूस वळतही नसतो, असे विपरीत दृश्य दिसते. दिवसातून एकदोनदा रुग्णाला उताणे निजवून, हात कोपर व मनगट येथे तोलून, दुखत नाही तेवढ्याच मर्यादेत सावकाश फिरवावा. तो खांद्याच्या पातळीवर नेण्यापूर्वी तळहात वरच्या दिशेस वळवावा व दुसऱ्या हाताने अंसफलक बरोबर फिरते की नाही, ते पाहावे. फिरत नसल्यास तेथेच थांबावे. छताला कप्पी अडकवून चांगल्या हाताने दुर्बल हात वर ओढण्याचा व्यायाम अनेक ठिकाणी सांगितला जातो. अर्धांगवायूच्या रुग्णांतील अनुभवावरून त्याने दुखणे वाढते असे दिसून आले असून तो करू नये. स्नायुक्षयात वजने उचलून शक्ती वाढविण्याचा हट्टही हानिकारक ठरतो. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही थकवा वा ठणका उरला, तर तो अधिक झाला असे समजावे.

कोमट तेलाने हलके चोळणे सुखद असते व त्यास हरकत नाही. परंतु उतरलेला खांदा हिसका देऊन ‘बसवून’ देणाऱ्या हाडवैद्याकडे अशा रुग्णास नेऊ नये. येथे खांदा अपघाताने निखळलेला नसतो, धरणारा स्नायू गेल्यामुळे उतरलेला असतो. तो बसविला तरी पुन्हा उतरतो आणि प्रत्येक हिसक्याने वेष्टन अधिक सैल होते.

प्रवास : अकोला–अमरावती हे अंतर सु. १०० किमी. आहे आणि दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर वा धारणीहून तपासणीसाठी येणाऱ्यास बसचा प्रवास बहुधा चुकत नाही. एस. टी. बसच्या उंच पायऱ्या चढविताना वरून एकाने हात ओढावयाचे व खालून दुसऱ्याने ढकलावयाचे, हा प्रकार खांद्यास सर्वांत घातक. शक्य असेल तेथे कमी उंचीचे वाहन घ्यावे. नसल्यास खुर्चीत बसवून खुर्चीसह चढवावे. गाडी चालू असताना हात उपरण्याने अंगाशी सैलसर बांधावा, म्हणजे खड्ड्यांचे हादरे सांध्यात जात नाहीत.

वैद्यकीय साहाय्य : हलविल्यानंतर एकाएकी तीव्र कळ येणे, दंडावर सूज किंवा काळेनिळेपणा दिसणे, खांद्याचा आकार बदलणे, हात बधिर वा थंड पडणे ही निखळण्याची, अस्थिभंगाची वा तंत्रिका दबल्याची लक्षणे होत, क्ष-किरण तपासणी लांबणीवर टाकू नये. ड्यूशेन विकाराच्या मुलास अस्थिभंगानंतर धाप लागली किंवा गुंगी आली, तर ती आणीबाणी समजावी. खांदा बसविण्यासाठी भूल देण्याची वेळ आल्यास स्नायूंचा विकार असल्याचे भूलतज्ज्ञास आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. सक्सिनिलकोलीन हे औषध व श्वासावाटे दिली जाणारी काही भूलद्रव्ये अशा रुग्णांत प्राणघातक ठरू शकतात. विकाराचे नाव, चालू औषधे व ही सूचना लिहिलेले कार्ड रुग्णाजवळ असावे.

अकोला येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र शासनाची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत समावेश झाला असून प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीस शासकीय योजनांतून साहाय्यक साधनांसाठी अर्ज करता येतो. साधने मागताना चाकाच्या खुर्चीचा विचार सर्वजण करतात, उचलयंत्राचा क्वचितच कुणी करतो. मुलगा वजनाने आईएवढा झाला की तिची पाठ व तिचे स्वतःचे खांदे दुखू लागतात. थकलेले हात आधाराची नीट जागा शोधीत बसत नाहीत, सापडेल ते धरून ओढतात. उचलयंत्राची गरज तेव्हापासून धरावी, रुग्ण पूर्ण अंथरुणास खिळेपर्यंत वाट पाहू नये.